एवढीशी खिट्टी

गेल्या वर्षी वसुबारसेच्या दिवशी आमच्या घरातले सहा पडदे कैदेत पडले. त्यांना कैद करणारा दुसरातिसरा कोणी नसून आमचे कपडे धुण्याचे यंत्र होते. पडदे धुऊन झाले, पाणी उतरले, यंत्राने आपले काम संपल्याची शीळही घातली. पण दाराची मूठ ओढायला गेलो तो ती माझ्या हातातच आली! काचेच्या गोल दाराआड ओले पडदे एकमेकांना बिलगून बसले होते आणि बाहेर मी ती तुटकी मूठ हातात घेऊन उभा होतो.

"काय झालं?" सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. लग्नाला सेहेचाळीस वर्षे झाल्यावर या 'काही नाही'चा अर्थ बायकोला लगेच कळतो. हातातला झारा तसाच घेऊन ती बाहेर आली.

दुरुस्ती-केंद्राला फोन केला. दुपारी एक तरुण आला. मोठा अदबशीर होता. त्याने दाराकडे पाहिले, मुठीकडे पाहिले आणि सर्वांत शेवटी माझ्याकडे पाहिले. "काका, आतली खिट्टी सुटी येत नाही. सगळं दारच बदलावं लागेल." दाराची किंमत त्याने सांगितली, ती नव्या यंत्राच्या तिसऱ्या हिश्श्याला जाऊन भिडत होती. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "खरं सांगू का काका, मशीन चौदा वर्षांचं झालंय. आता नवीनच घेऊन टाका."

चौदा वर्षांचे झाले म्हणून टाकून द्यावे, हा हिशेब एकाहत्तर वर्षांच्या माणसापुढे मांडू नये, हे त्या बिचाऱ्याला कोण शिकवणार? यंत्राची मोटर ठणठणीत होती, पाणी चढत होते, उतरत होते. मोडले होते ते बोटाच्या पेराएवढे प्लास्टिक.

पडद्यांची सुटका अखेर सौ.ने केली. नायलॉनची एक बारीक दोरी तिने दाराच्या कडेच्या फटीत मुठीच्या बाजूने सरकवली, तिची दोन्ही टोके वरखाली धरली आणि बिजागरीच्या दिशेने हळूच ओढली. आतला आकडा दोरीने मागे सरकला आणि 'टक्' असा आवाज होऊन दार उघडले. "तुला हे कसं सुचलं?" मी विचारले. "सासूबाईंच्या घरात चाळीस वर्षं येत-जात होते," ती म्हणाली आणि पडदे वाळत घालायला गच्चीवर निघून गेली. त्या उत्तराचा अर्थ पुढे सांगेन.

दार उघडले, पण आता ते लागेना. आणि या यंत्राची गंमत अशी की दार लागल्याशिवाय ते पाण्याचा थेंबही घेत नाही. आकडा कुलपात बसला की त्या कुलपातली एक लहानशी चकती विजेने तापते, तिच्याजवळची दोन धातूंची पट्टी उष्णतेने वाकते, ती एक खुंटी पुढे सरकवून दार अडकवते आणि त्याच वेळी मोटरकडे जाणारी वीज जोडून देते. काम संपल्यावरही दार मिनिटभर उघडत नाही, याचे कारण हेच. पट्टी थंड होऊन सरळ व्हायला तेवढा वेळ लागतो. म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राची सारी हालचाल एका खिट्टीच्या होकारावर अवलंबून! खिट्टी 'हो' म्हणेना, म्हणून यंत्र मुके झाले.

दुसऱ्या दिवशी मुठीचे तुकडे रुमालात बांधून मी नांदेडच्या इतवाऱ्यात गेलो. तिथे एका बोळात एक कारागीर बसतात. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. दुकान कसले, एक लांबट कोनाडाच तो. भिंतीवर मिक्सरच्या भांड्यांची झाकणे, कुकरच्या मुठी, कूलरच्या जाळ्या, टीव्हीच्या रिमोटची पाठ, असले असंख्य अवयव टांगलेले. आमच्या मराठवाड्यातला उन्हाळा ज्याने पाहिला आहे, त्याला कूलरच्या खिट्ट्यांविषयी काही सांगायला नको. बोअरचे जड पाणी पत्र्यावर क्षारांची पुटे चढवते, दुसऱ्या वर्षी खिट्टी गंजते, तिसऱ्या वर्षी तिच्या जागी तार येते, आणि मग तो कूलर मरेपर्यंत त्या तारेवर जगतो. रिमोटच्या पाठीचेही तेच. झाकण हरवलेले आणि सेल रबरबँडने आवळलेले, असा रिमोट ज्या घरात नाही ते घर मी अजून पाहिलेले नाही.

उस्तादांनी रुमाल उघडला, एक तुकडा उचलला आणि काही न बोलता शेजारच्या पाण्याच्या पेल्यात टाकला. तुकडा तळाशी गेला. उस्तादांचा चेहरा खुलला.

"बुडाला, सर. काम होईल."

"आणि तरंगला असता तर?"

"तर डिंक धरला नसता. मग शिवावं लागतं."

मला मोठी मौज वाटली. जन्मभर शाळेत मुलांना घनता शिकवली, पण तिचा असा उपयोग कधी मनात आला नव्हता. बादल्या, डबे, पाण्याची पिंपे ज्या प्लास्टिकची असतात ते पाण्याहून हलके, म्हणून तरंगते. त्याचा पृष्ठभाग असा तेलकट स्वभावाचा की कुठलाही साधा डिंक त्यावर टिकत नाही. यंत्रांच्या मुठी आणि खोकी बहुधा ज्या टणक प्लास्टिकची करतात ते पाण्याहून किंचित जड असते आणि नखांचा रंग पुसण्याच्या ॲसिटोनमध्ये विरघळते. उस्तादांकडे एक बाटली होती. तिच्यात ॲसिटोनमध्ये जुन्या प्लास्टिकचा चुरा विरघळवून केलेली दाट रबडी होती. मुठीचे जे कान मोडले होते ते त्यांनी जागेवर धरले, सायकलच्या चाकातली तार तापवून तिचा तुकडा आडवा आत रुतवला आणि वरून ती रबडी भरली. काँक्रीट ओतण्यापूर्वी गवंडी सळई घालतो, तसेच हे काम.

"हे उद्यापर्यंत वाळेल. घाई असली तर दुसरा इलाज आहे," ते म्हणाले. तो इलाज म्हणजे झटकन चिकटणारा गोंद लावायचा आणि त्यावर चिमूटभर खायचा सोडा भुरभुरवायचा. क्षणात दगड होतो. या गोंदाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अमेरिकेत हॅरी कूव्हर नावाचे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमाच्या काचेसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधत होते. त्यांना जो पदार्थ मिळाला तो जिथे लागेल तिथे चिकटून बसू लागला, म्हणून वैतागून त्यांनी तो बाजूला ठेवला. पुढे १९५८ मध्ये तोच पदार्थ गोंद म्हणून बाजारात आला. नेम धरायला म्हणून निघालेली वस्तू आज इतवाऱ्यात मिक्सरचे झाकण सांधते आहे!

मी घाई नाही म्हणालो. खरे तर मला तिथे बसायचे होते.

तेवढ्यात एक बाई रिक्षातून मायक्रोवेव्ह घेऊन उतरल्या. दाराचा आकडा तुटला होता. दिवाळीची गडबड, घरी पाहुणे. "उस्ताद, आतल्या बटणात नुसती काडी खोचून द्या. चालू झालं म्हणजे झालं. दार मी हातानं धरीन."

उस्तादांनी ते यंत्र उघडूनसुद्धा पाहिले नाही. "नाही ताई. ह्याला काडी चालत नाही."

"वॉशिंग मशीनला चालतं ना तुमचं?"

"त्याच्यात पाणी असतं, ताई. ह्याच्यात आग असते, न दिसणारी. आकडा नवीन मिळाला तर आणा, बसवून देतो. पैसे नका देऊ."

बाई रागावून गेल्या. उस्ताद मला म्हणाले, "सर, त्या दोन आकड्यांच्या मागं तीन बटणं असतात. दार उघडं असताना चुकून भट्टी चालू राहिली, तर तिसरं बटण फ्यूज उडवून टाकतं. बनवणाऱ्यानं एवढी काळजी घेतली, ती मी काडी खोचून मोडू?" मग थोड्या वेळाने, जणू स्वतःशीच, "कुठली खिट्टी जुगाडानं चालते आणि कुठली नाही, एवढं कळलं की हा धंदा आला."

मुठीवरून बोट फिरवत त्यांनी विचारले, "सर, तुम्ही मूळचे नांदेडचेच?"

"नाही, लातूरचा."

त्यांचे बोट थांबले. आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या माणसाला 'लातूरचा' असे सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग तुम्ही त्या रात्री...?"

"तिथंच होतो," मी म्हणालो. "आणि आमच्या दाराची कडीच निघाली नाही."

लातूरला गंजगोलाईपासून हाकेच्या अंतरावर आमचे जुने घर होते. गोलाईची ती गोल इमारत १९१७ सालची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यातल्या एका रस्त्यावरच्या आडतीत वडील मुनीम होते. पगार बेताचा. त्यामुळे आमच्या घरात मोडलेली वस्तू टाकून देण्याचा रिवाज नव्हता. वडिलांच्या ट्रान्झिस्टरची पाठ कधीच निखळली होती. सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून त्यांनी सेल आवळले होते, आणि परभणी केंद्राच्या बातम्या त्या पट्टीच्या जोरावर आमच्या घरात येत. आडतीतले हमाल तुरीची पोती ज्याने शिवत ते दाभण आणि सुतळी घरात देवाच्या फळीखाली ठेवलेली असे. फुटलेली परात, उसवलेली चप्पल, तडकलेले झाकण, काहीही असो. वडील दाभण तापवून दोन्ही बाजूंना भोके पाडत आणि शिवून टाकत.

१९९३ च्या गणपतीला मी नांदेडहून लातूरला गेलो होतो. अनंत चतुर्दशीची मिरवणूक पाहून उशिरा निजलो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी जमिनीतून जो आवाज आला त्याला मी आजवर उपमा शोधतो आहे. फळीवरची भांडी कोसळली. वडील ओरडले, "बाहेर!" आम्ही अंधारात दाराकडे धावलो. दाराला चांगली वीतभर लांबीची लोखंडी कडी होती. वडिलांना तिचा अभिमान होता. ती कडी निघेना. चौकट कलली होती आणि कोयंडा कडीला दातासारखा धरून बसला होता. वडील ओढत होते, मी ओढत होतो, आणि मागे आई एवढेच म्हणत होती, "काढा ओ, काढा की." शेवटी वडिलांनी खलबत्त्यातला बत्ता आणून तीन-चार घाव घातले तेव्हा ती सुटली. मोजून अर्धे मिनिट गेले असेल. जमीन तोवर थांबलीही होती. पण ते अर्धे मिनिट आईच्या आयुष्यातून पुन्हा गेले नाही.

आमचे घर उभे राहिले. उजाडल्यावर रस्त्यात बसून, ट्रान्झिस्टरची पाठ हाताने दाबून धरून, आम्ही बातम्या ऐकल्या तेव्हा कळले की दक्षिणेला चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरचे किल्लारी राहिले नाही, सास्तूर राहिले नाही. हजारो माणसे घरातच, झोपेत गेली.

त्या घरांविषयी पुढे इंजिनियरांनी जे सांगितले ते मी उस्तादांनाही सांगितले. आमच्याकडच्या जुन्या भिंती दीड-दोन हात जाडीच्या, दगडमातीच्या. दिसायला किल्ल्यासारख्या, पण त्या भिंतीला दोन पदर असतात, एक आतला, एक बाहेरचा, आणि मध्ये भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. जमीन हलली तसे पदर सुटे झाले, फुगले आणि ढासळले. माळवदावरची मातीची जड थप्पी वरून खाली आली. नंतर ज्या जुन्या भिंती बळकट करायच्या होत्या त्यांना ठिकठिकाणी आरपार भोके पाडून सळईसह काँक्रीट भरण्याचा उपाय सुचवला गेला.

उस्ताद बराच वेळ गप्प होते. मग मुठीत रुतवलेल्या तारेकडे बोट करून म्हणाले, "म्हणजे हेच."

हेच. दोन गोष्टींना एकत्र धरणारी एक लहानशी वस्तू. भिंतीत ती नव्हती म्हणून घरे गेली; आमच्या दारात ती होती, पण हट्टी होती, म्हणून आम्ही आत अडकलो.

महिनाभराने मी लातूरला गेलो तेव्हा दाराची कडी नाहीशी झाली होती. आईने ती काढायलाच लावली होती. तिच्या जागी वडिलांनी बाभळीच्या लाकडाची बोटभर खिट्टी तासून बसवली होती, सुतळीच्या दोन वेढ्यांनी बांधलेली. बाहेरून कुत्र्याने डोके लावले तर दार हलत नसे. आतून माणसाने खांदा मारला की सुतळी तुटून दार सताड उघडत असे. वडिलांनी स्वतः खांदा मारून तीन वेळा पाहिले होते आणि तीन वेळा नवी सुतळी बांधली होती. "अन् चोर आला तर?" मी विचारले. आई म्हणाली, "येऊ दे की. चोर आला तर भांडी जातील."

पुढे कित्येक वर्षांनी मी वाचले की अमेरिकेत १९५६ साली असाच एक कायदा झाला. तेव्हाच्या शीतकपाटांना बाहेरून खटक्याची मूठ असे. खेळता खेळता मुले टाकून दिलेल्या कपाटात लपत, दार लागे आणि ते आतून उघडत नसे. कितीतरी मुले गुदमरून गेली. कायद्याने सांगितले, दार आतून ढकलून उघडलेच पाहिजे. १९५८ च्या ऑक्टोबरअखेरपासून बनणाऱ्या प्रत्येक कपाटाला तो लागू झाला. आज आपल्या फ्रिजच्या दाराला खिट्टी नसते, रबरात लपलेली चुंबकाची पट्टी असते, ती त्यामुळेच सगळीकडे रुळली. लहान मुलाने आतून ढकलले तरी ती सोडते. जे अमेरिकेच्या काँग्रेसला कायदा करून सांगावे लागले, ते आमच्या आईने लातूरच्या एका बोळात सुतळीवर भागवले होते!

वडील गेल्यावर दाभण आईच्या हाती आले. २०१६ साली लातूरची तहान अशी झाली की मिरजेहून सुमारे ३४० किलोमीटर रेल्वेने पाणी आणावे लागले. १२ एप्रिलला पहिली गाडी पाच लाख लिटर घेऊन आली. त्या उन्हाळ्यात आईच्या पिंपाचे झाकण दुभंगले. टँकर आठवड्याने येणार, त्या पाण्यात धूळ पडली तर प्यायचे काय? आणि डास झाले तर? मी नवे पीप घेऊन पोचलो तोवर आईने दाभण तापवून झाकण तारेने शिवून टाकले होते आणि टाक्यांवर मेणबत्ती वितळवून भोके बुजवली होती. मी आणलेले पीप तिने शेजारणीला देऊन टाकले. हे सारे सौ.ने पाहिले होते. म्हणून तिला दोरी सुचली.

उस्तादांना मी विचारले, "तुमच्यानंतर हे काम कोण करणार?" ते हसले. "पोरगा मोबाईल दुरुस्त करतो, सर. त्याच्यात पैसा आहे. पण परवा एक फोनची पाठ त्याला चिकटेना, तेव्हा बाटली मागायला आला." २०२२ मध्ये आपल्या सरकारने 'दुरुस्तीचा हक्क' म्हणून समिती नेमली, त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. चांगली गोष्ट आहे. पण सुटी खिट्टी मिळेपर्यंतच्या काळात इतवाऱ्यातल्या त्या बोळात पाण्याने भरलेला पेला तयार असतो, हेही माझ्यासारख्याला कमी नाही.

धनत्रयोदशीच्या दुसऱ्या दिवशी मी मूठ घेऊन आलो आणि बसवली. किंमत विचाराल तर दाराच्या किमतीत अशा पन्नास मुठी झाल्या असत्या. सौ.ने दार लावले, 'टक्' वाजले, यंत्राने पाणी ओढायला सुरुवात केली. मुठीवर पांढऱ्या रबडीचा एक वण दिसतो. नात म्हणाली, "आजोबा, तिथं स्टिकर लावू?" मी नको म्हणालो.

लातूरचे घर आम्ही दोन वर्षांपूर्वी विकले. आई त्याच्या आदल्या वर्षी गेली. घर सोडताना बहिणीने देव घेतले, मी ती बाभळीची खिट्टी घेतली. मूठ आणायला गेलो त्या दिवशी ती खिशात टाकून नेली होती. उस्तादांनी ती उजेडात धरली, सुतळीची खाच अंगठ्याने चाचपली. खाच मध्यावर नव्हती. दाराच्या आतल्या बाजूला किंचित सरकलेली होती. तेहेतीस वर्षांत हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते.

"बघा सर," ते म्हणाले, "आतून ढकललं की जोर इथं येतो. बाहेरून ढकललं तर येत नाही. हे कुणी केलं?"

"माझ्या वडिलांनी."

त्यांनी खिट्टी दोन्ही हातांनी मला परत दिली आणि त्या मुठीचे पैसे काही केल्या घेईनात. मी ते पेल्याखाली ठेवून आलो.